ठोके ओळखणारी

तिचा एक पाय कॉलेजात आणि एक पाय प्रसूतिकक्षात, असं तिचा नवरा येईल त्या पाहुण्याला सांगायचा आणि वर विचारायचा, "मग घरात ठेवायला तिसरा पाय आणायचा कुठून?" विनोद जुना होता. पण सांगताना त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त असे, म्हणून तीही दरवेळी हसायची.

सकाळ वॉर्डात जायची आणि दुपारी जेवणानंतरचा तास ती मुद्दाम मागून घ्यायची. त्या तासाला वर्ग पेंगतो म्हणून बाकीचे प्राध्यापक नाकं मुरडत. ही मात्र वर्गात शिरली की आधी पडदे ओढायची, मग दिवे मालवायची आणि म्हणायची, "झोपा खुशाल. फक्त कान उघडे ठेवा." मग त्या मऊ अंधारात पोटातल्या बाळांच्या हृदयाचे ठोके सुरू व्हायचे. त्यांच्या आयांची परवानगी घेऊन तिनं ते वर्षानुवर्षं टेप करून जमवले होते. कुणी धावत सुटलेलं, कुणी दमलेलं, कुणी चक्क गाढ झोपलेलं. यंत्र सतत न लावता, थोडंच पण नीट ऐकून बाळाबद्दल किती कळतं, हा तिच्या संशोधनाचा विषय. परदेशातल्या परिषदांत तिनं त्यावर निबंध वाचले होते. वर्गातली निम्मी मुलं खरोखरच झोपायची आणि जागी झाल्यावर सांगायची, की स्वप्नात कुणीतरी लांबच्या रस्त्यानं पळत होतं. तिला त्याचा राग येत नसे. आपला तास कुणाच्या स्वप्नात गेला, तर तो वाया गेला असं कोण म्हणेल?

कधी कधी बोलता बोलता तिचीच तंद्री लागायची आणि वाक्य अर्ध्यावर लोंबकळत राहायचं.

वॉर्डातल्या नर्सेस तिला 'कानवाली' म्हणत. ती दारात उभी राहूनच सांगायची, "खिडकीजवळच्या बाईंचं बाळ झोपलंय, उगाच घाबरू नका," आणि ते खरं निघायचं. अशा माणसाचा रुबाब वाढतो. तिचाही वाढला होता, का नाकारा?

फक्त एका माणसापुढे हा रुबाब चालत नसे. तिची लेक. लेकीला दिवस गेले तेव्हा तिनं आईला समोर बसवून सांगितलं, "बाळंतपण तुझ्याच हॉस्पिटलात करीन. पण तू आत यायचं नाहीस."

"अगं, पण मी—"

"तू आत आलीस की डॉक्टर होतेस, आई. लहानपणी मला ताप आला की तू विचारायचीस, कधीपासून, थंडी वाजून आला का, आधी काय खाल्लंस. मला कुशीत घ्यायला कुणीतरी हवं असायचं गं. आजाराची हिस्टरी घ्यायला नको असायचं."

नवऱ्यानं वर्तमानपत्र वर धरून तोंड लपवलं. तिनं हसून वेळ मारून नेली, पण बोलणं जिव्हारी लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

तिनं लेकीला आपल्या युनिटमधल्या तरुण लेक्चररच्या हवाली केलं. ही मुलगी तिचीच विद्यार्थिनी. बोलायची इतकं कमी, की सगळे तिला 'मौनी'च म्हणत. हात मात्र शांत होते. तिच्या हाती कुणाला सोपवून डॉक्टरीणबाई निवांत झोपू शकली असती. फक्त लेकीला सोडून.

तो दिवस उजाडला आणि दुपार झाली. तिनं आपला पांढरा कोट स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवला आणि प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर नातेवाइकांच्या जागी जाऊन बसली. इतक्या वर्षांत त्या बाकावर ती कधी टेकलीच नव्हती. तो इतका टणक आहे, हेही तिला आजच कळलं.

थोड्या वेळानं जावई भिंतीचा आधार घेत बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" ती उभीच राहिली.

"आत सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "मीच ठीक नाहीये. सिस्टरनी हाकललं."

तिनं त्याला पाणी पाजलं, शेजारी बसवलं. त्यानं डोळे मिटले. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं. अर्धवट लोटलेल्या दारातून यंत्राचा आवाज येत होता. लेकीच्या बाळाचे ठोके, दुडक्या चालीनं धावणारे. तिनंही डोळे मिटले. आजवर ऐकलेली सगळी बाळं त्या लांबलचक व्हरांड्यातून अनवाणी धावत चालली आहेत, तिच्यासमोरून जाताना मान वळवून बघताहेत, हसताहेत, आणि त्यांच्यामागून हे एक सगळ्यात धाकटं दुडदुडत येतंय, असं तिला वाटत राहिलं. त्याला पकडायला तिनं हात पुढे केला.

आणि धावणं थांबलं. त्याच्या जागी संथ, जड ठोके. धप्. धप्. धप्.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. असे ठोके तिनं वर्गात किती वेळा ऐकवले होते! बाळाला प्राणवायू कमी पडतोय. लेकीला दिलेला शब्द त्या बाकावरच राहिला आणि ती दार ढकलून आत घुसली.

"थिएटर तयार करा! आत्ताच्या आत्ता! बाळ दमलंय, कुणाला ऐकू येत नाही का?"

इंटर्न घाबरून फोनकडे धावली. लेक कुशीवर वळून कळ सोसत होती. मौनी मात्र जागची हलली नाही. तिची बोटं लेकीच्या मनगटावर होती.

"मॅडम, हात द्या," मौनी म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंची बोटं तिनं लेकीच्या त्याच मनगटावर ठेवली.

यंत्रात धप्. बोटांखाली धप्. दोन्ही एकाच वेळी.

"कूस बदलली तेव्हा यंत्राचा पट्टा सरकला. हे बाळाचे नाहीत, हिचे आहेत." मौनीनं पोटावरचा पट्टा जरा खाली ओढला, आणि ते दुडकं धावणं पुन्हा खोलीभर झालं.

यंत्र कधी कधी बाळाचे सोडून आईचेच ठोके पकडतं, म्हणून आधी आईची नाडी धरा, हे ती स्वतःच दरवर्षी शिकवत आली होती. तोंडी परीक्षेत हे विसरणाऱ्याला तिनं नापास केलं होतं. आज मौनीच्या जागी ती असती तर लेकीच्या पोटावर विनाकारण सुरी चालली असती. तिचा जीव भांड्यात पडला, पण मान वर होईना. चुकलं याची लाज तर होतीच. त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. जगातल्या कुणाच्याही बाळाचे ठोके ओळखणाऱ्या बाईला आपल्या बाळाचे ओळखू आले नव्हते. लेकीचं काळीज तिनं ऐकलं, आणि तिला वाटलं, हा आजार आहे.

"मॅडम, बाहेर थांबता का?" मौनीनं हळूच विचारलं.

ती निघायला वळली.

"राहू दे तिला," लेक धापा टाकत म्हणाली. "आई, हात धर. पण मोजू नकोस गं. नुसता धर."

आणि खरंच, तिची बोटं अजून नाडीवरच होती. ओठ हलत होते. तिनं मोजणं थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना. इतक्या वर्षांची खोड ती. मग तिनं बोटं मनगटावरून खाली सरकवली आणि लेकीचा घामेजलेला तळवा आपल्या तळव्यात घट्ट धरला. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं.

ऊन कलत गेलं. कळांमागून कळा आल्या. मौनी काय करतेय, हे तिनं एकदाही वाकून पाहिलं नाही. लेक ओरडली तेव्हा ती "बाळा, बाळा" एवढंच म्हणत राहिली. मग एक चिडका, नवा कोरा आवाज खोलीत फुटला. सगळे तिकडे धावले. धीर करून परत आलेला जावई हसत रडत होता.

तिनं मात्र वाकून लेकीच्या छातीवर कान टेकला होता.

"आई," लेक थकून म्हणाली, "बाळ बघितलंस का?"

"बघते गं," ती म्हणाली. "ते कुठे पळून जातंय?"

लेकीनं डोळे मिटले आणि मोकळा हात आईच्या केसांवर ठेवला.