सोसायटीचा रुसका ट्रक

चांगल्या गाडीचे किस्से होत नाहीत. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, गेली. सांगणार काय, कपाळ! आमच्या गावच्या शेती सोसायटीचा ट्रक मात्र रोज सकाळी एक किस्सा पदरात टाकल्याशिवाय जागचा हलायचा नाही. आजही केजच्या स्टँडवर चहाला जुनी माणसं भेटली की कपबशी हातात यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "त्या ट्रकचं ते सांग की!"

हा ट्रक आधी खताची पोती वाहायचा. दुष्काळ पडला, पेरण्याच झाल्या नाहीत, तेव्हा सोसायटीनं त्याच्यावर पाण्याची टाकी बसवली आणि माळावरच्या वस्तीला पाणी पोचवायचं काम अंगावर घेतलं. ड्रायव्हर मी. वस्तीची विहीर ठणठणीत कोरडी, बोअर फुसका. आमचा ट्रक सुरू झाला तर वस्तीला पाणी, नाही तर नाही. आणि हा पठ्ठ्या एकदा चालू झाला की दिवसभर पळायचा, पण बंद करून उभा केला की रुसला! म्हणून आम्ही त्याला 'जावई' म्हणायचो.

*

आमचे चेअरमन नाना. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. पहिल्यांदा ट्रक अडला तेव्हा नाना स्वतः बघायला आले. "प्लग बदला ना त्याचा! माझी मोटारसायकल अशीच करायची. प्लग बदलला की फाटकन चालू!"

केजचे मेकॅनिक गफूरभाई बॉनेटमधून डोकं काढून म्हणाले, "नाना, डिझेल गाडी हाय. हिला प्लगच न्हाई."

नानांनी बॉनेटमध्ये वाकून बघितलं. मग माझ्यावर कडाडले, "बिनप्लगाची गाडी चालवतोस व्हय बे? आन् मला आज सांगतो! कुणी काढून नेला?"

*

गफूरभाईंची तपासायची रीत अशी की आधी पाना नाही, आधी धूर. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून धूर निघाला तर डिझेल इंजिनात पोचतंय, पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. दोन्ही दुखणी वेगळी, औषधं वेगळी.

मी सेल्फवर, गफूरभाई इंजिनावर, आणि मागं धूर बघायला सोसायटीचे शिपाई शेषराव.

"शेषराव, धूर हाय का?"

"हाय!"

"रंग कसा?"

"पांढरा!"

झालं! गफूरभाईंनी इंजिनात डिझेल फवारणारी सगळी नोझल काढली, साफ केली, परत बसवली. पुन्हा सेल्फ. गाडी ढिम्म. "धूर?" "हाय की!" दुपार झाली. शेवटी गफूरभाई वैतागून स्वतः मागं गेले. शेषराव सायलेन्सरपाशी उकिडवे बसून निवांत बिडी ओढत होते.

"शेषराव, हा धूर?"

"तुमी धूर हाय का इचारलं. कुणाचा, ते कुठं इचारलं?"

त्या दिवशी टँकर दिवस मावळायला वस्तीवर पोचला. बाया सकाळपासून उन्हात बसलेल्या. वस्तीवरच्या गयाबाई, तोंडानं तिखट बाई, पण त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्यांच्याकडं बघवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परत येताना मी ठरवलं, आता काय वाट्टेल ते होवो, वस्तीची खेप चुकवायची नाही.

*

मग मी इंजिन बंद करणंच सोडलं. पाणी भरताना चालू, जेवताना चालू. एकदा वस्तीच्या वाटेवरच माझ्या चुलतभावाचं लग्न. मंडपाबाहेर ट्रक धडधडत ठेवला आणि अक्षता घेऊन उभा राहिलो. मंगलाष्टकं कुणाला ऐकू येईनात. नवरीचे मामा तरातरा आले, "बंद करा हो ते!"

"करतो की. पण परत चालू करायला सगळं वऱ्हाड ढकलायला लागेल. जेवणाआधी ढकलायचं का जेवणानंतर, तेवढं ठरवा."

मामा मागं वळले आणि भटजींना ओरडून म्हणाले, "जरा जोरात म्हणा!"

*

एका सकाळी सेल्फ मारला तर टक् सुद्धा नाही. बघतो तर बॅटरीच गायब! गावात सप्ताह चालू होता, लाइट गेलेली, म्हणून पोरांनी बॅटरी काढून कीर्तनाच्या लाउडस्पीकरला जोडली होती. विचारायची पद्धत नाही, कारण सोसायटी सगळ्यांची, म्हणजे बॅटरीही सगळ्यांची!

मी मंडपात पोचलो तेव्हा महाराज रंगात आले होते. "मायबापहो, मनापासून नाव घ्या! पाणी कसं येत न्हाई ते बघतो मी!"

गयाबाई कीर्तनाला आल्या होत्या. त्या तिथूनच उठून उभ्या राहिल्या, "नाव घेतो महाराज, पर आधी बॅटरी सोडा!"

महाराज खळखळून हसले. स्वतः उठून वायर काढली आणि उरलेलं कीर्तन नुसत्या गळ्यावर केलं. मानलं आपण त्यांना.

*

गफूरभाईही आता पेटले होते. "या गाडीपुढं मी हार मानणार न्हाई." धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा, म्हणजे एअर काढली, हातपंप मारला की गाडी चालू. बंद करून ठेवली की परत एअर. कुठूनतरी हवा आत शिरत होती, पण डिझेलचा एक थेंबही कुठं गळत नव्हता.

नाना म्हणाले, "गळत न्हाई तर भोक कुठलं?"

"नाना, हा सोडत काही न्हाई. नुसतं आत वढतो."

नानांनी सोसायटीच्या ऑफिसकडं बघितलं. आत संचालक मंडळाची मीटिंग चालली होती, भज्यांची दुसरी परात आत चालली होती. "मग कळलं," नाना म्हणाले, "लई अवघड दुखणं हाय."

*

आता हा शेवटचा. गाडी कुठं रुसते ते बघायला गफूरभाई माझ्यासोबत वस्तीवर आले. पाण्याची टाकी रिकामी झाली, आणि चालू ट्रक पहिल्यांदाच तिथं आपोआप बंद पडला. एअर काढली तरी टिकेना. ट्रक वस्तीवर अडकला तर उद्या पाणी आणणार कोण? बायांचे चेहरे उतरले.

गफूरभाई म्हणाले, "एक कॅन द्या. डिझेल त्यात घेऊन टपावर बांधतो, तिथून सरळ पंपाला पाइप जोडतो. चालू झाली तर दुखणं डिझेल टाकीच्या पाइपात हाय, आन् बीडहून नवा पाइप येईस्तोवर गाडी अशीच पळंल."

कॅन! दुष्काळात कुणी सोनं देईल, कॅन देणार नाही. एकदा डिझेल लागलं की त्या भांड्यातलं पाणी जनावरसुद्धा तोंडाला लावत नाही. बायांनी आपापली भांडी पदराआड ओढली.

गयाबाईंनी नुकताच भरलेला आपला कॅन उचलला. शेळ्यांपुढं घमेलं ठेवून सगळं पाणी त्यात ओतलं आणि रिकामा कॅन गफूरभाईंच्या पायाशी आदळला. "घ्या. आन् चालू न्हाई झाली तर तुमालाच टाकी वढायला जुंपते!"

गफूरभाईंनी अंगातला शर्ट काढून कॅन आतून कोरडा पुसला. डिझेल भरलं, टपावर बांधलं, पाइप जोडला, एअर काढली. मी सेल्फ मारला. पहिल्या सेल्फला ट्रक चालू! मला रडूच फुटलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी टपावर कॅन मिरवत वस्तीवर पोचलो. तिथं रिवाज असा की पहाटे भांडी रांगेत मांडायची. ज्याचं भांडं पुढं त्याचा नंबर आधी. गयाबाई सगळ्यांच्या मागून कळशी घेऊन आल्या आणि सरळ नळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

एक तरणी सून भडकली. "ओ आत्याबाई! तुमचं भांडं कुठंय रांगेत?"

गयाबाईंनी ट्रकच्या टपाकडं बोट केलं.

"तुमची भांडी हितं पाण्याची वाट बघत बसल्यात. माझं पाण्याला आणाया गेलतं!"