लूपेकाकूंचा भात आणि माझी पर्स

चहाचा कप आधी खाली ठेवा. थट्टा नाही करत, ठेवाच! मागे हा किस्सा सांगताना आमच्या शेजारच्या वर्षाताईंना ऐन घोटात हसू फुटलं. माझ्या नव्या सोफ्यावर तो डाग अजून आहे.

तर ऐका. तीस वर्षं मी इथे परदेशात, मिल्टन गावात राहतेय. लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झाले, म्हणजे अगदीच काही बावळट नाही. पण आयुष्यभराची सगळी अक्कल मी एकाच दुपारी पाजळली, तीही व्हँकुव्हरला, एका मेक्सिकन हॉटेलात, होणाऱ्या सुनेसमोर!

खरं तर सुरुवात झाली आदल्या दिवाळीत. आमचा अनिकेत व्हँकुव्हरहून हॅनाला पहिल्यांदा घरी घेऊन येणार होता. फोनवर म्हणाला, "आई, हॅना व्हीगन आहे, ओके?"

मी म्हटलं, "अरे मग काय! आपण तरी कुठे रोज मटण खातो?"

आणि मी मोठ्या हौसेनं काय केलं? मटार पनीर, कढी, दहीवडे आणि श्रीखंड! आता सांगा, यात कुठल्या प्राण्याचा जीव गेला? मी तर त्या पोरीला चक्क समजावून सांगितलं, "अगं, दूध म्हणजे काय मांस आहे का? माझी आई, तिची आई, सगळ्यांनी असंच केलं." ती बिचारी गोड हसत पुऱ्या आणि लोणचं खात होती. चौथी पुरी तिच्या हातात असताना मी कौतुकानं म्हटलं, "मऊ झाल्यात ना? कणीक दुधात भिजवलीय!"

पुरी तिथेच थांबली. ती हळूच म्हणाली, "इट्स ओके, मिसेस परांजपे."

ते 'मिसेस परांजपे' माझ्या काळजाला लागलं हो. अनिकेतचा जवळच्या वॉन गावातला मित्र मनप्रीत मला 'आई' म्हणत आमचा फ्रीज उघडतो. आणि माझी होणारी सून मला मिसेस परांजपे म्हणते? दातांच्या दवाखान्यातून अपॉइंटमेंटचा फोन आल्यासारखं वाटलं मला. त्या दिवशी मी ठरवलं, या मुलीच्या तोंडून 'आई' ऐकीन तेव्हाच गप्प बसेन.

मग काय, अभ्यास सुरू! लायब्ररीतून पुस्तकं आणली. ब्रेडमध्ये दूध कधी असतं, वाइन गाळायला काय वापरतात, साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा कसा लागतो, सगळं पाठ. ग्रोसरी स्टोअरमध्ये मी भिंग घेऊन लेबलं वाचायचे. आमचे हे लांब, केळ्यांपाशी, ओळख नसल्यासारखे उभे राहायचे.

मे महिन्यात आम्ही दोघं व्हँकुव्हरला निघालो. अनिकेतनं आधीच बजावलं होतं, "आई, धिस इज युअर सेकंड चान्स. तिला खूप टेन्शन आलंय. प्लीज, नो ड्रामा."

आता इथे माझ्या पर्सबद्दल सांगायला हवं. हे तिला वाण्याचं दुकान म्हणतात. मेतकूट, लसणीची चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि घरी कढवलेलं साजूक तूप, एवढं बरोबर असल्याशिवाय मी मिल्टनची हद्द ओलांडत नाही. विमानात मोठी बरणी नेऊ देत नाहीत, म्हणून तूप मी नाइट क्रीमच्या रिकाम्या डबीत भरलं होतं. डबी अगदी स्वच्छ, गरम पाण्यानं तीनदा धुतलेली! ही डबी तेवढी लक्षात ठेवा. मी विसरले, तुम्ही विसरू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला कुठे जायचं, असा विषय निघाला. हॅनाच्या नेहमीच्या व्हीगन कॅफेसमोर भली मोठी लाइन. समोरच एक जुनं, घरगुती मेक्सिकन हॉटेल दिसलं.

"इथे जाऊ!" मी जाहीर केलं. "मेक्सिकन म्हणजे काय? राजमा, भात, मका, भाज्या. हे तर व्हीगन लोकांचं माहेर!"

हॅना जपून म्हणाली, "मी इथे आले की फक्त चिप्स आणि साल्सा खाते, मिसेस परांजपे."

"आज नाही! आज मी आहे ना!"

अनिकेतनं डोळे मिटून घेतले. आईला ओळखतो तो.

वेट्रेस आली. मारिसोल नाव तिचं, मालकीणबाईंचीच मुलगी. मी चष्मा चढवला आणि उलटतपासणी घेतली.

"बीन्समध्ये मांस आहे?"

"छे, अजिबात नाही."

"परतता कशात?"

"लार्डमध्ये. डुकराच्या चरबीत."

"आणि भात?"

"भातातही मांस नाही. फक्त चिकन उकळलेल्या पाण्यात शिजवतो."

"भाजी?"

"भाजी प्युअर व्हेज! वरून थोडं चीज."

हे म्हणाले, "चिप्स मस्त दिसतायत हं इथले." पण मी ऐकणार होय? पर्स उचलली आणि तडक किचनमध्ये घुसले.

किचनमध्ये लूपेकाकू उभ्या होत्या. सगळे त्यांना आदरानं 'दोन्या लूपे' म्हणत होते, म्हणजे आपल्याकडच्या काकूच की. माझ्याएवढ्याच उंच, माझ्याएवढ्याच रुंद, अंबाडा घातलेला, हातात डाव.

"माझ्या बीन्समध्ये मांस नाही!" काकू कडाडल्या.

"पण लार्ड आहे ना? लार्ड म्हणजे डुक्कर!"

"लार्ड म्हणजे चव! माझी आई, तिची आई, सगळ्यांनी असंच केलं!"

हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं बरं? दिवाळीत, माझ्याच तोंडून! मनात लाज वाटली, पण वरून आवाज आणखी चढवला. काकूही हटेनात. "एक चमचा लार्ड टाकते, कुणाला कळतंय?" म्हणत त्यांनी डबा उघडलासुद्धा.

आणि तिथे माझी जीभ घसरली. मी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला, डोळे फिरवले आणि म्हटलं, "अ‍ॅलर्जी आहे तिला! प्राण्याचा एक थेंब पोटात गेला तर मरेल माझी सून!"

काकूंच्या हातातला डाव खाली पडला. त्यांनी क्रूसाची खूण केली. मग जे काही सुरू झालं म्हणता! ओटा धुतला. अंगावरचा एप्रन बदलला. ऑपरेशनला जाणाऱ्या डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुतले. कधीही न वापरलेली कोरी कढई माळ्यावरून उतरवली. चरबी पडायच्या आधीचे बीन्स वेगळे काढले, टोमॅटो वाटून तेलावर ताजा भात टाकला आणि भाजी केली कशाची? निवडुंगाची! काटे काढून, चिरून, कांद्यावर परतून. मी तोवर त्यांच्या तीन पायांच्या दगडी खलात मिरची-टोमॅटोची चटणी वाटायला बसले.

"सुनेसाठी एवढं करतेस?" काकूंनी विचारलं.

"अजून सून झाली नाही हो. अजून 'मिसेस' म्हणते मला."

काकूंनी मला मिठीच मारली. अर्ध्या तासात आम्ही सख्ख्या बहिणी झालो. त्या किचनमधून मी डुक्कर हाकललं, कोंबडी हाकलली, गाय हाकलली, आणि सेनापतीच्या थाटात टेबलावर परत आले.

मागोमाग ताटं आली. आणि काय ताटं होती! मधोमध वाटीनं पाडलेली भाताची मूद, वाफाळलेली. शेजारी पातळसर बीन्स, अगदी वरणासारखे. डावीकडे चटणी आणि लिंबाची फोड, उजवीकडे भाजी. माझे डोळे भरून आले हो. हॅना वॉशरूममध्ये हात धुवायला गेली होती, अनिकेत बाहेर फोनवर बोलत होता, हे चिप्स मोडत बसले होते.

आता तुम्हीच सांगा. पान वाढलंय, मूद आहे, लिंबू आहे. काय राहिलं? बरोबर! आमच्याकडे सगळं वाढून झालं की भातावर तूप पडतं. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. ते पडल्याशिवाय कुणी पहिला घास उचलत नाही. चाळीस वर्षं मी पंगतीत तूप वाढलंय. मूद दिसली की माझ्या हाताचा आणि डोक्याचा संबंध संपतो.

पर्स उघडली. डबी काढली. चमचाभर यांच्या भातावर, चमचाभर अनिकेतच्या, चमचाभर माझ्या, आणि होणारी सून म्हणून हॅनाच्या मुदीवर चांगले दोन चमचे! गरम भातावर तूप क्षणात विरघळून गेलं. मी समाधानानं हात जोडले.

फोन संपवून अनिकेत आला. हॅना आली, बसली, पहिला घास घेतला. आणि तिचे डोळे विस्फारले. "ओ माय गॉड! इतका सुंदर भात मी जन्मात खाल्ला नाही!"

लूपेकाकू पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत आनंदानं धावत आल्या. ताटाजवळ वाकल्या. आणि थबकल्या. त्यांचं नाक हललं.

"बटर?" त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात उघडी डबी होती. चमचा अजून आतच होता.

काय वाटलं म्हणून सांगू! धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं, तर खाली टाइल्स!

"ती मरेल!" लूपेकाकू किंचाळल्या. त्यांनी हॅनाच्या हातातला काटा उडवला, तो शेजारच्या टेबलावरच्या सूपमध्ये पडला. मारिसोलनं इमर्जन्सीचा नाइन-वन-वन लावून फोन स्पीकरवर टाकला.

"पेशंटनं काय खाल्लंय?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

मारिसोलनं डबीवरचं नाव वाचलं. "नाइट क्रीम!"

"तिनं नाइट क्रीम खाल्लं?"

"भाताबरोबर!" काकू रडत ओरडल्या.

"नो नो, घी! देसी घी!" मी ओरडले. हॅना म्हणत होती, "मला काही झालेलं नाही." पण काकू तिला बोलू देतील तर ना! त्यांनी तिला जमिनीवर आडवं करून पाय खुर्चीवर ठेवले होते.

मी आमच्या यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही बघत होतात ना? अडवलं का नाहीत मला?"

"डबीवर 'व्हीगन' लिहिलं होतं," हे म्हणाले. "मला वाटलं, या वेळी सुधारलीस."

पाच मिनिटांत फायर ट्रक दारात. इथे आग लागो न लागो, पहिले तेच येतात. चार धिप्पाड जवान आत आले. त्यांच्यातल्या म्होरक्यानं हॅनाची नाडी पाहिली, मग डबी हातात घेऊन फिरवून फिरवून वाचली.

"मॅम, यावर तर व्हीगन लिहिलंय."

"क्रीम व्हीगन होतं. आतलं तूप गायीचं आहे."

"आणि अ‍ॅलर्जी?"

मी मान खाली घातली. "अ‍ॅलर्जी नाहीच आहे. मी खोटं बोलले."

लूपेकाकूंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते सासूनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. अनिकेत कपाळाला हात लावून बसला. संपलं, मी मनात म्हटलं. सेकंड चान्ससुद्धा गेला. आता ही पोर लग्नाची पत्रिकाही 'मिसेस परांजपे' म्हणूनच पाठवणार, तीही पाठवली तर.

जवानानं वहीत लिहायला पेन काढलं. "ताटात हे कुणी घातलं?"

जमिनीवरून, पाय खुर्चीवर तसेच, हॅनाचा आवाज आला.

"आईनं," ती म्हणाली. अगदी स्पष्ट, मराठीत.

आणि मी ढसाढसा रडायला लागले. असा हुंदका फुटला की श्वासच घेता येईना. जवानांना वाटलं, खरी पेशंट हीच. शेवटी ऑक्सिजन लावला कुणाला? मला!

मास्क उतरल्यावर मी हॅनाला अन्नशुद्धी म्हणजे काय ते सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. ती म्हणाली, "किचनमधलं भांडण मला सगळं ऐकू येत होतं. माझ्यासाठी आजवर कुणी डुकराच्या चरबीशी अर्धा तास भांडलेलं नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, "लग्नात ती शुद्धी खोबऱ्याच्या तेलानं केली तर चालेल, आई?"

चालेल? अहो, धावेल!

काकूंनी तिला नवीन ताट वाढलं. त्याआधी माझी पर्स काउंटरमागे ठेवून घेतली.

सप्टेंबरमध्ये लग्न झालं, व्हँकुव्हरलाच. स्वयंपाक लूपेकाकूंचा. त्यांनी एकच अट घातली होती, नवऱ्यामुलाच्या आईची पर्स दारात तपासायची! पैठणी नेसून, नथ घालून मी हॉलच्या दाराशी उभी, मागे दीडशे पाहुणे, आणि काकू माझी पर्स उचकतायत. मेतकूट निघालं, शेंगदाणे निघाले आणि निघाली नाइट क्रीमची डबी.

"अहो काकू, शपथ घेते, या वेळी आत खरंच क्रीम आहे!"

"लावून दाखव," काकू म्हणाल्या.

काय करणार? दीडशे लोकांसमोर लावलं, चांगलं दोन बोटं भरून. त्यामुळे लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरीपेक्षा माझाच चेहरा चमकतोय. अल्बम बघताना बायका हमखास विचारतात, "अगं, काय हे तेज! काय लावलं होतंस?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे सोफ्यावरून म्हणतात, "तीस वर्षांत पहिल्यांदा हिच्या पर्समधल्या डबीतून खरोखरचं व्हीगन काहीतरी निघालं, आणि ते हिनं तोंडाला फासलं!"