पेणकर बाईंची हजेरी

पेणकर बाईंना ते नाव मी ठेवलं होतं.

आज सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'आपली अमकी गेली रे.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

अमकीच्या जागी मेसेजमध्ये कोणाचं नाव होतं, ते मी इथे लिहीत नाही. जर्मनीचा तो हुकूमशहा. आपल्याकडे तो घरोघरी असतो. कडक बाप, कडक सासू, कडक बॉस, सगळ्यांना आपण तेच नाव देतो आणि वर हसतो.

बाई परळला आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, मंगळसूत्र, घट्ट अंबाडा. आडनाव पेणकर. म्हणजे आमच्यासारखीच कोकणातली माणसं, एवढाच आमचा हिशोब.

शनिवारी त्या कधी यायच्या नाहीत. बाईंना साडेसाती आहे, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

आमचा खरा राग होता हजेरीवर.

बाकीचे सर-बाई नंबर पुकारायचे. एक, दोन, तीन, दोन मिनिटांत काम खलास. पेणकर बाई साठ पोरांची पूर्ण नावं घ्यायच्या. नाव, बापाचं नाव, आडनाव. उभं राहायचं, त्यांच्याकडे बघायचं आणि 'हजर' म्हणायचं. कोणी 'बाई, नंबर घ्या ना' म्हणालं की त्यांचा चेहरा बदलायचा.

"माझ्या वर्गात नंबर नाहीत."

नववीत असताना एक दिवस मी फळ्यावर त्यांचं चित्र काढलं. अंबाडा काढला, नाकाखाली ती चौकोनी मिशी काढली आणि खाली ते नाव लिहिलं. पोरं बाकं बडवून हसत होती.

बाई आल्या. फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मग ते न पुसताच त्यांनी हजेरी घेतली. साठच्या साठ नावं, त्याच आवाजात, ते चित्र पाठीशी ठेवून. त्यानंतर डस्टर उचललं, फळा पुसला आणि धडा सुरू केला.

कोणी काढलं, हे त्यांनी विचारलंच नाही. आपण सुटलो म्हणून मी खूश झालो.

यानंतर तीसेक वर्षं गेली. मागच्या दिवाळीत कळलं की बाई ठाकूरद्वारला एकट्याच राहतात. बायकोने फराळाचा डबा भरून दिला, मी गेलो. दाराच्या चौकटीवर एक तिरकी डबी होती. बेल समजून मी ती दोनदा दाबली. शेवटी कडी वाजवली.

बाईंनी दार उघडलं आणि चष्म्यातून बघत म्हणाल्या, "नितीन दत्ताराम परब."

मला खूप आनंद झाला. चकली खाता खाता मीच जोशात म्हणालो, "बाई, तुम्हाला माहितीये का, आम्ही तुम्हाला काय म्हणायचो?" आणि ते नाव घेतलं. हसत.

चहा ओतणारा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. गोरी बाई, साडीत, ब्लाउजच्या बाह्या पार मनगटापर्यंत.

"ही माझी काकू. युरोपातली. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा लांब बाह्याच घालायची. चाळीतल्या बायका हसायच्या तिला. एकदा कणीक मळताना तिने बाही वर केली, तेव्हा मी पाहिलं. हातावर नंबर गोंदलेला. मी लहान होते, विचारलं हे काय? म्हणाली, तिकडे हेच माझं नाव होतं."

"तिकडे म्हणजे?"

"तू आत्ता ज्याचं नाव घेतलंस, त्याच्याच छळछावणीत. पहाटे थंडीत उभं करायचे आणि मोजायचे. तासन् तास. तिचे आईवडील, भाऊ, सगळे तिथेच मारले. ती वाचली. तिचे डॉक्टर मामा आधीच मुंबईला पळून आले होते, त्यांनी बोलावून घेतलं. माझे काका त्यांच्याकडे कंपाउंडर होते."

"पण या लोकांनी केलं काय होतं?"

"काही नाही रे. ज्यू होते. आमच्यासारखे."

"आमच्यासारखे म्हणजे?"

"अरे, मी ज्यू आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पेणचीच. दारावर ती तिरकी डबी आहे ना, तिच्यात आमची प्रार्थना असते. आम्हाला इथे कधी कोणी त्रास दिला नाही, एवढं नशीब."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बाई, ते फळ्यावरचं चित्र..."

"तूच काढलंस. माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशी सगळे 'हजर' म्हणाले. तुझं नाव घेतलं आणि तू नुसता उभा राहिलास. तोंडातून शब्द फुटेना."

"मग तुम्ही मारलं का नाही?"

"हजेरी लावली तुझी. तू होतास ना वर्गात."

सॉरी म्हणायचं होतं. तेव्हाही शब्द फुटला नाही. चहा प्यायलो, पाया पडलो आणि निघालो. पुन्हा येईन म्हणालो. गेलो नाही.

उद्या शनिवार, ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी ना काम ना दफन, म्हणून आज दुपारीच दफन झालं. एका वयस्कर गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मध्येच बाईंचं नाव आलं, मग त्यांच्या वडिलांचं, ते तेवढं कळलं. रांगेत जाऊन मीही मूठभर माती टाकली आणि गप्प उभा राहिलो.

म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांदेखत.

दोस्तांनो, ग्रुपवर ते नाव पुन्हा टाकू नका. आपल्या बाईंचं नाव रूथ शलोम पेणकर होतं. पूर्ण लिहा.

बाई, चुकलो. माफ करा.

नितीन दत्ताराम परब.

हजर.