पासपोर्टचा फोटो

आमचे हे डोंबिवलीहून ठाण्याला जायचं म्हटलं तरी कुरकुर करायचे. लेक अमेरिकेत गेली तेव्हा तिच्या हट्टापायी पासपोर्टचे फोटो काढले, फॉर्म मात्र शेवटपर्यंत भरला नाही. "तिकडे मला चहा कोण देणार?" म्हणे. जसा काही इथे जन्मभर माझ्याशिवाय दुसरंच कोणी देत होतं!

ते गेल्यावर मी एकटीच लेकीकडे गेले. पितृपक्षात ह्यांच्या तिथीला तिच्या बाल्कनीत पान वाढलं. कावळा काही फिरकला नाही. एक खार आली आणि वडा घेऊन पसार झाली. आता खार चालते का, हे कोणाला विचारायचं? लेक हसली. पण हे उपाशी राहिले, या विचाराने पुढे महिनाभर मला घास गोड लागला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने मला तिथली मेक्सिकन वस्ती दाखवायला नेलं. बाई गं, एक भिंत कोरी नाही! आमच्या सोसायटीत रंग काढायचा तर तीन मीटिंगा होतात आणि शेवटी पिवळाच लागतो. एका चित्रकार बाईंच्या दुकानात तर झेंडूची ही रास! मध्ये निळ्या पदराची देवी, मेणबत्त्या, ताटात गोल पाव. मी बूट काढले, नमस्कार केला, एक पाव कपाळाला लावला आणि खाल्ला.

"आई! प्रसाद नाहीये तो," लेक किंचाळली. "तिच्या वारलेल्या वडिलांसाठी ठेवलाय. गेलेली माणसं या दिवसांत घरी जेवायला येतात, असं मानतात इथे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या बापाच्या पानातलं खाल्लं होतं मी! लेक माफी मागत होती, पण ती बाई हसायलाच लागली. मग माझ्याकडे बघत तिने काहीतरी विचारलं.

"तुझं कोण गेलंय, विचारतेय," लेक म्हणाली.

मी पर्समधून ह्यांचा तो पासपोर्टचा फोटो काढला. बाईंनी तो आपल्या मिशाळ वडिलांच्या शेजारी ठेवला. माझी लेक न सांगता बाहेर गेली आणि कागदी कपात चहा घेऊन आली. दूध कमीच होतं. तरी मी तो ह्यांच्यासमोर ठेवला.

"अहो, आलात ना शेवटी? आता नावं न ठेवता प्या," मी म्हटलं, आणि त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.