वह्यांच्या समोरच्या पारड्यात

माणूस केवढा होता हे तो गेल्यानंतरच कळतं, असं दामूशेटच्या शोकसभेत निदान तिघांनी सांगितलं, आणि तिघांनीही माइक घट्ट धरून सांगितलं. माझी अडचण अशी, की दामू केवढा होता हे मला, त्याच्या गावाला आणि गावच्या शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांना दरवर्षी दिवाळीनंतर किलोमध्ये कळत असे. त्यासाठी तो जाण्याची वाट बघावी लागली नाही.

तो गेला ऐन नवरात्रात. पावसाळा सरता सरता आलेल्या तापानं आठवड्याभरात कारभार आटोपला. बातमी रिझवाननं फोनवर दिली. रिझवान म्हणजे दामू जायचा त्या पनवेलमधल्या व्यायामशाळेचा मालक. "काका, शेट गेले," एवढंच तो म्हणाला. मागं लोखंड आपटल्याचे आवाज तेवढे येत होते. थोड्या वेळानं तेही थांबले. दुपारपर्यंत नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाची जुनी फाइल होती, त्यामुळे वरचा दामू काही वर्षांपूर्वीचा होता; गळ्यात साखळी, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि सफारीची बटणं कशीबशी तग धरून. दामूच्या बायकोला, मंदावहिनींना, कुणीतरी मोबाइलवर तो फोटो दाखवला. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो कोन? ह्या मानसाला तर आमी कवाच घरातनं काढला."

दामू आणि मी पनवेलच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो नेऱ्याकडच्या एका गावातून सायकलनं यायचा, मी बाजारपेठेतून चालत. पुढं मी वाचनालयात नोकरीला लागलो आणि तो भातशेतीला, म्हणून त्यानं माझं नाव पुस्तक्या ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं. चिखलणी, लावणी, कापणी करता करता त्याचं अंग असं घडलं होतं, की लग्नाच्या फोटोत नवरदेव कोटात नसून कोट नवरदेवावर अडकवल्यासारखा दिसतो. मग दोन हजारनंतर त्या भागातल्या जमिनींना भाव आला. फार्महाऊसं उठली, रस्ते रुंद झाले आणि दामूचा दामूशेट झाला. शेतात जायचं कारण उरलं नाही, बैल गेले, दारात गाडी आली. ज्या जमिनीनं त्याचं अंग घडवलं होतं, ती विकल्यावर ते सुटत गेलं. शिवाय शेट झाल्यावर हळदीची आमंत्रणं वाढली. त्या बाजूला हळद म्हणजे लग्नाहून मोठा समारंभ. मटण, वडे, ग्लास, बेंजो. एका हंगामात इतक्या हळदी, की नवरे अंगाला लावतात त्याहून जास्त हळद दामूच्या पोटात रश्श्यावाटे जात असावी.

शेट झालेल्या माणसाचा वाढदिवस साजरा करावा लागतो. दामूनं निदान त्यातून काही चांगलं काढलं. भाताच्या खळ्यावरचा जुना मोठा तराजू त्यानं विकला नव्हता. एका पारड्यात आपण बसायचं, दुसऱ्यात वह्या, आणि काटा मधोमध आला की त्या वह्या शाळेला, दुसऱ्या सत्रासाठी. मंडप, फ्लेक्स आणि शायरी म्हणणारा निवेदक हे सगळं मला असह्य व्हायचं. पण मुलं मात्र पारड्याकडे असं बघायची, की मी गप्प बसायचो. शेट जितका जाड, तितक्या वह्या. सुधारलेल्या जगात याहून सरळ व्यवस्था मी पाहिलेली नाही.

त्याच्या गावाची देवी टेकडीवर आहे. चैत्रात जत्रा. पालखी पायथ्याशी उचलली की देवळाच्या उंबऱ्यापर्यंत खाली टेकवायची नाही, हा तिथला नेम. पुढचा उजवा खांदा दामूच्या घराण्याचा. त्याच्या बापानं तो मरायच्या वर्षापर्यंत दिला, काठीसारखा बारीक माणूस असूनही. एका जत्रेला दामू अर्ध्या चढणीवर, जिथं एक सपाट कातळ आहे, तिथं थांबला. श्वास लागला, गुडघे वाकले, पालखी कलली... चुलतभावानं धावत येऊन दांडा घेतला म्हणून ती टेकली नाही. दामू कातळावर बसला आणि पालखी त्याच्यावाचून वर गेली. संध्याकाळी त्याचे चुलते, गावातले सगळ्यांचे तात्या, सगळ्यांदेखत म्हणाले, "दामू, तुजा खांदा चांगला हाय रं. पन तुज्या आधी तुजा पोट वर पोचतंय." पुढच्या वर्षापासून खांदा चुलतभावाचा.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला. आयुष्यात पहिल्यांदाच. मासिकांच्या टेबलाशी बसून एकही मासिक न उघडता म्हणाला, "पुस्तक्या, माज्या बापानं मरायच्या वर्सी खांदा दिला. मी बसलो." मी त्याला चहा पाजला.

रिझवान त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास कुवेतहून परतला होता. तिथल्या व्यायामशाळेत काम करून आलेला, कोकणी मुसलमान घरातला, तिशीतला, तोलून बोलणारा माणूस. दामूनं त्याच्या व्यायामशाळेत मला सोबत नेलं. एकट्यानं आरशांच्या खोलीत शिरायची त्याची छाती होत नव्हती. रिझवाननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शेट, चरबी उतरवायची की ताकद वाढवायची?"

"दोन्ही. चढन चढायला पोट नको, आनि पालखी न्यायला खांदा पायजे."

"एक एक करून घेऊ या ना. पहले वजन कमी, फिर बॉडी. एकदम दोन्ही मुश्किल जातं."

"भात लावतोस का रं तू?"

"नाही शेट."

"मंग ऐक. तन उपटायचा आनि भाताला खत घालायचा, ह्या दोन गोष्टी आमी येगयेगल्या वर्साला करीत नाय."

रिझवान हसला आणि मग विचारात पडला. म्हणाला, नवख्या माणसाला जमून जातं, त्यातून ज्याच्या अंगानं पूर्वी कष्ट केलेत त्याला तर नक्कीच. पण तीन गोष्टी पाळाव्या लागतील. लोखंड उचलायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. खाणं किंचित कमी, पण त्यात अंडी, मासे, मटण, डाळ भरपूर, भात थोडा. आणि झोप. "आणि शेट, एक बात ध्यानात ठेवा. चरबी जाईल, तिच्या जागी मांस येईल. काट्याला काहीच कळणार नाही. काट्यावर चढू नका."

हे वाक्य मी ऐकलं होतं. दामूनंही ऐकलं होतं. तरी महिन्याभरानं वाढदिवसाच्या मंडपात तात्यांनी त्याला डिवचलं, "जिमात जातोस म्हनं? पुढल्या वर्सी ह्याच तराजूत कमी भरलास तर खांदा परत!" निवेदकानं तत्काळ माइक पुढं केला. माइक हातात आल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून व्हायचाय. दामू म्हणाला, "कबूल." टाळ्या पडल्या. मागं उभा असलेला रिझवान कपाळाला हात लावून बाहेर निघून गेला.

मग ते वर्ष. मंदावहिनी म्हणायच्या, "भावजी, आगऱ्याच्या घरात भात मोजून शिजतोय, कुनाला सांगू नका." हळदीला तो जायचा, पण मटणाचे तुकडे रश्श्यातून निथळून खायचा आणि वडे दुसऱ्याच्या ताटात ठेवायचा, यावरून दोन घरांत रुसवे झाले. ग्लास सुटला तेव्हा काही मित्रही सुटले. पहाटे गाडी घेऊन तो पनवेलला यायचा, आणि व्यायामाहून परत जाताना माझ्या खिडकीखाली उभा राहून ओरडायचा, "पुस्तक्या, उठ! अंग हाय का नुसता चष्मा हाय?" पहिले काही महिने तो व्यायामशाळेचा जिना कठडा धरून उतरायचा. गणपती होईपर्यंत कठडा सुटला. कॉलरीतून मान दिसू लागली, जी मी शाळेनंतर पाहिली नव्हती. बसल्यावर पोट मांडीवर विसावायचं ते मागं सरकलं, आणि दंडाला पुन्हा तो जुना, चिखलणीच्या दिवसांतला आकार आला. मी तसा शंकेखोर माणूस. आपल्या वयात असं काही होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पुरावा मागितला असता. पुरावा रोज खिडकीखाली उभा राहून शिव्या देत होता.

वाढदिवस आला. नव्या शर्टात दामू पारड्यात बसला. समोर वह्यांचे गठ्ठे चढू लागले. गेल्या वर्षीचा आकडा सगळ्या गावाला तोंडपाठ होता, अठ्ठ्याऐंशी किलो. गठ्ठे चढत गेले, काटा हलेना. शेवटचा गठ्ठा ठेवला तेव्हा काटा मधोमध आला... अठ्ठ्याऐंशी. निवेदकाला शांतता सोसत नसे. तो माइकमध्ये म्हणाला, "शेट जसे होते तसेच आहेत! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. त्यात हसू मिसळलेलं होतं. तात्या म्हणाले, "काटा काय खोटा बोलनार?" दामू पारड्यातून उतरला, वह्यांना नमस्कार केला आणि कुणाकडे न बघता घरात गेला.

जत्रा जवळ येत चालली आणि तो खांद्याचं नाव काढेना. व्यायाम मात्र सोडला नाही. "शब्द दिला होता, हरलो," एवढंच म्हणायचा. हरल्या माणसाच्या खांद्यांची रुंदी दर महिन्याला वाढत होती, ही गोष्ट त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. शेवटी पालखीच्या आदल्या दिवशी मंदावहिनींनी पेटीतून त्याची जत्रेची बंडी काढली. पालखीचे भोई पांढरी, बिनबाह्यांची बंडी घालतात. ही तो कातळावर बसला त्या वर्षीची. ती घेऊन, दामूला पुढं घालून, त्या तात्यांच्या अंगणात गेल्या. अंगणात जत्रेची बैठक चालली होती, मीही होतो.

"तात्या, काटा जाऊ दे. ही बंडी बघा," वहिनी म्हणाल्या. "घाला ओ तुमी."

दामूनं लाजत ती घातली. खांद्यात ती शिरेचना. शिरली तेव्हा काखेत उसवली. पुढून मात्र एक बाजू दुसरीवर इतकी आली, की बटणं काजांना ओलांडून पार पलीकडे गेली.

तात्यांनी पाहिलं. मग म्हातारा म्हणाला, "कपडा धुतला की आटतो."

"खांद्यात आटला नि पोटात वाढला? असा कंचा कपडा, मनाबी घेऊन द्या," वहिनी म्हणाल्या.

बैठक हसली. चुलतभाव सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "तात्या, मी देतो खांदा परत. गेल्या वर्सापासून माजी मान धरलीय." तात्यांनी पुष्कळ वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "बंडी नवी शिवा. फाटकी चालनार नाय."

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. पुढचा उजवा खांदा दामूचा. तात्या बाजूनं चालत होते, लक्ष ठेवायला. मी मागं, काही कारण नसताना. त्या कातळापाशी आल्यावर दामूचं पाऊल चुकेल का, हे बघायला अर्धं गाव मान उंचावून होतं. त्यानं कातळाकडे बघितलंसुद्धा नाही. पालखी हलली नाही, कलली नाही, सरळ वर गेली. कातळावर तात्या बसले, आणि त्यांना सोबत म्हणून मी. त्यामुळे देवळाच्या उंबऱ्यावर पालखी टेकली तो क्षण मला सांगता येणार नाही. ढोल बदलले, त्यावरून कळलं. तात्या डोळे पुसत होते. म्हणाले, "धूळ हाय." होतीही.

पुढं दर चैत्रात तो खांदा त्याचाच राहिला. दर दिवाळीनंतर तराजूही लागला, आणि रिझवानला सोडून सगळ्यांना नवल वाटावं असं म्हणजे, काटा तिथल्या तिथंच. निवेदकाचं वाक्य पाठ झालं होतं. पोरं त्याच्याबरोबर म्हणायची. तो गेला त्या दिवशी त्याला स्मशानात नेताना खांदे वरचेवर बदलावे लागले. एक तरुण धापा टाकत म्हणाला, शेट बारीक झाले होते तरी एवढे जड कसे? पुढच्या बाजूला रिझवान होता. खांदा न बदलता तो म्हणाला, "चरबी नाही रे भाई ही. कमाई आहे." दामूबद्दल त्या दिवसांत जे काही बोललं गेलं त्यातलं एवढंच मी लक्षात ठेवलंय.

गेल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस झाला. वह्यांचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. पारड्यात फोटो ठेवावा, असं एकानं सुचवलं. फोटोवर शाळेला किती वह्या मिळाल्या असत्या, हे त्यालाच कळून त्यानं सूचना मागं घेतली. मंदावहिनी उठल्या आणि पडवीच्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथं दामूचं घरचं लोखंड असतं. दांडा, आणि हाताच्या घामानं मधोमध गुळगुळीत झालेल्या चकत्या. त्याची नवी बंडी अजून तिथंच खुंटीला आहे. "हे ठेवा," त्या म्हणाल्या. रिझवाननं एकेक चकती उचलून पारड्यात रचली, अठ्ठ्याऐंशी होईपर्यंत. तात्यांनी तराजूची साखळी धरली. समोर वह्या चढल्या, काटा मधोमध आला, आणि निवेदक सवयीनं बोलून गेला, "शेट जसे होते तसेच..." तो तिथं अडला. पुढचं पोरांनी म्हटलं.

मुख्याध्यापिका बाईंनी आभार मानले. वह्या एकरेघी आल्या आहेत, त्यांना चौकटीच्या हव्या होत्या.