मास्तरांची कोळशाची भिंत

शाळेचा शिपाई डोमाभाऊ आला तेव्हा मी अंगणात धान पाखडत होते. माझ्याकडे यायचं सोडून तो ओसरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पोरांनी कोळशानं लिहिलेल्या गोष्टींपुढे. मी हसून म्हटलं, "काऊन जी भाऊ, गोष्ट वाचून राह्यले का?" तो वळेचना. तेव्हा आठवलं, डोमाभाऊला तर अक्षरओळखच नाही... आणि माझ्या हातातलं सूप गळून पडलं. शाळेसाठी पुस्तकं आणायला चांद्याला गेलेले मास्तर तिथंच तापानं गेले होते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून साऱ्या गावासारखी मीही त्यांना मास्तरच म्हणायची. इथल्या हायस्कुलात ते मराठी शिकवायचे. जंगलातल्या खेड्यांतून पायी येणारी पोरं धडे घडाघडा म्हणायची, पण मनातलं लिहा म्हटलं की मुकी व्हायची. कागदाचीही मारामार. मग या माणसानं काय करावं? आपल्या घराची भिंतच दिली पोरांना! चुलीतला कोळसा घ्या आणि लिहा. मी पांढऱ्या मातीनं पोतारलेली माझी भिंत! मी काय कमी भांडले? "तुमाले शाळा कमी पडली का जी?" ते नुसते हसायचे. ओसरीवरच्या खाटेवर डोळे मिटून बसायचे आणि गोष्ट वाचता वाचता पोर अडखळलं की एवढंच विचारायचे, "मंग?" चूक काढणं नाही, शाबासकी नाही, नुसतं "मंग?"... आणि लाजरंबुजरं पोरही बोलायला लागायचं. नव्या गोष्टीला जागा हवी म्हणून जुनी पोतारून टाकावी लागे, पण गोष्ट पुरी व्हावी आणि मोठ्यानं वाचली जावी, त्याआधी मातीचा हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "मले कुठी वाचता येते?" मी म्हटलं, तर म्हणाले, "पोतारतेस तूच, मंग वाचाचं बी तूच." अशी मी अक्षरं शिकले, मातीनं माखलेलं बोट ओळीवरून फिरवत. आज हे लिहितेय तेही त्या भिंतीच्याच जोरावर. देवा, असा माणूस नेतात का रे?

शेवंता त्यांची सगळ्यात अबोल विद्यार्थिनी, आई नसलेली पोर. मास्तर चांद्याला निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा कोळसा हातात धरला. मोहफुलं वेचायला गेलेली आई झाडांआड दिसेनाशी होते आणि मुलगी हाका मारत राहते, एवढं लिहून ती थांबली. मास्तरांनी त्याखाली आपल्या हातानं लिहिलं, 'मंग?' म्हणाले, "आल्यावर ऐकतो."

दहावा झाला. सुतक फिटलं की घर पोतारायची आमची रीत, म्हणून जाऊबाई माती भिजवून आल्या. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. "ही गोष्ट पुरी व्हाची आहे, बाई." "येडी झाली का तू?" म्हणत त्याच रडायला लागल्या. पण गोष्ट पुरी करणार कोण? मास्तर गेल्यापासून शेवंता शाळेत आली नव्हती. डोमाभाऊनं तिच्या गावी जाऊन तिला आणलं. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, आता मी लिहीत नाई. आयकनारेच गेले." "गेले ना! मले का ठाऊक नाई?" मी त्या लेकराच्या अंगावर ओरडले, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. डोळे पुसून मी मास्तरांच्या खाटेवर जाऊन बसले. डोळे मिटले. कसंबसं म्हटलं, "मंग?" बऱ्याच वेळानं भिंतीवर कोळसा घासल्याचा आवाज आला...

तिच्या गोष्टीत आई सापडली नाही. मुलगी टोपली भरून एकटीच घरी येते आणि चूल पेटवते. मी ते नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं आणि माती हातात घेतली, कारण बाकीची पोरं कोळसे घेऊन अंगणात ताटकळली होती. सगळी भिंत पांढरी केली. मास्तरांच्या हातचं तेवढं राहू दिलं. जाऊबाई म्हणतात, डाग दिसतो. दिसू दे. पोरं त्याच्याखाली रोज नवं काहीतरी लिहितात. मी मात्र सकाळी ओसरीवर येते आणि समोर तेच असतं, 'मंग?'... मास्तर, आता मी काय सांगू?