नातवाच्या लुटीतली नाणी

मी एसटीत कंडक्टर होतो. मंगरूळपीर डेपोच्या गाड्यांवर सारी नोकरी काढली आणि चिल्लर मोजून मोजून बोटं काळी पडली. नाणं खरं की खोटं, हे मी वाजवून सांगायचो. म्हणूनच की काय, कोणाचाच हात न लागलेल्या नाण्यांचं मला वेड लागलं. टाकसाळीतून पोस्टानं संच यायचे. मखमली डबी, आत सीलबंद पाकीट, त्यात आरशासारखी लखलखीत नाणी. नाणं कोणाच्या जन्मशताब्दीचं, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. सील फुटलं नाही की पुढे किंमत चढते, हे मी धरून बसलो होतो. बायको ते कपाट पुसायला गेली तरी मी तिच्या अंगावर जायचो. नातू झाला तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हे सारं त्याचं. मुलगा म्हणाला, त्यापेक्षा सोनं घ्यायचं होतं. मी त्याला गप्प बसवलं.

यंदा संक्रांतीनंतर नातवाची लूट करायचं ठरलं. आमच्याकडे लेकराला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे, रेवड्या आणि चिल्लर ओततात, आणि गल्लीतली पोरं ते लुटून नेतात. बायकोनं सकाळीच चिल्लर मागितली. मी म्हटलं, त्यात काय. पण हल्ली भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. जन्मभर ज्याचा खिसा खुळखुळला त्या माझ्या घरात एक रुपया सापडेना. शेवटी डेपोत गेलो. तिथंही तीच गत. ओळखीच्या चहावाल्यानं गल्ला उपडा करून थोडी झिजकी नाणी दिली, ती रुमालात बांधून घरी निघालो.

दारात पोचलो तर लूट सुरू झालेली. बायको मापानं ओतत होती आणि बोरांमधून काहीतरी चमकत खाली पडत होतं. ती माझीच नाणी होती. फोडलेल्या डब्या मागे कोनाड्यात रचून ठेवलेल्या. ओरडावं तर लेकराचं शुभकार्य, घर बायांनी भरलेलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाणी ओढत होती. एकानं शंभराचं चांदीचं नाणं उसाच्या तुकड्यासोबत खिशात कोंबलं. मी रुमाल घट्ट धरून नुसता बघत राहिलो.

पाहुणे गेल्यावर तोंड उघडलं. बायकोनं शांतपणे सांगितलं, ‘‘तुमी येऊनच नाही राह्यले. अन् तुमीच तं म्हनत होते, नातवाचं हाये. त्याच्याच डोक्यावरून ओतलं.’’

मग मी बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. पोरगा मोठा झाल्यावर त्यात त्याचं कॉलेज झालं असतं, असं म्हणालो. ती मटकन खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. आपल्याच हातानं लेकराचं नशीब लुटवलं, एवढंच पुटपुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी आली. चांदीचं नाणं पुढे करून म्हणाली, ‘‘आबा, हे दुकानात नाही चालत म्हनते. याचं चाकलेट नाही येत. दुसरं द्या ना.’’

मी तिला रुमालातलं झिजकं पाच रुपयांचं नाणं दिलं, तशी ती खूश होऊन पळाली. तिनं गल्लीत सांगितलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत बरीच पोरं आपापलं नाणं बदलून घेऊन गेली. माझी नाणी परत आली, पण उसाच्या रसानं चिकट, ओरखडे पडलेली.

अकोल्याच्या नाणी विकणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला. आता याचे काय येतील, असं विचारलं. तो म्हणाला, फार तर वजनाची चांदी. आणि सीलबंद असती तर? तो थोडा हसला. ‘‘काका, सीलबंद तं माह्याकडंच पडून हायेत. घेतलेल्यापेक्षा कमी भावात देतो म्हटलं तरी गिऱ्हाईक नाही. ज्यानं घेतले त्यानं जपूनच ठेवले ना. कोनाचे हरवलेच नाही, तं मागनार कोन?’’

फोन ठेवला. इतकी साधी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यात कधी शिरलीच नाही. गप्प बसलो असतो तर माझा शहाणपणा शाबूत राहिला असता. पण स्वयंपाकघरात बायको कणीक मळत होती, डोळे सुजलेले, नातू पायाशी खेळत असूनही त्याच्याकडे बघत नव्हती. मी परत आलेली नाणी घेऊन आत गेलो, ती नातवापुढे फरशीवर ठेवली आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. तू काही बुडवलं नाहीस, बुडण्यासारखं तिथं काही नव्हतंच, असं म्हणालो.

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिनं कणकेचे हात परातीत तसेच ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी इतक्या वर्षांच्या संसारात कधी अनुभवलं नव्हतं.

‘‘मंग इतके वर्स,’’ ती म्हणाली, ‘‘त्या कपाटाले हात लावला का माह्या अंगावर काहून धावत होते?’’

नातवानं तेवढ्यात त्यातलं एक नाणं उचलून फरशीवर आपटलं. ते खणकन वाजलं. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.